गटारगंगेचा उन्हाळा

फाल्गुन सरत आला की आमच्या जठारपेठेत माणसं एकमेकांना "कसं काय?" असं विचारत नाहीत, "आलं का?" असं विचारतात. काय आलं, हे सांगावं लागत नाही. ज्याच्या नळाला आलेलं असतं तो जरा ओशाळून मान हलवतो आणि विचारणारा आपली बादली घेऊन त्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. यंदाही तेच. अकोल्याच्या उन्हाबद्दल नवं लिहावं असं काही उरलेलं नाही. दुपारी दोरीवरचा परकर काढायला जावं तर तो पापडासारखा कडक हाताला लागतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

परवा पेपरात बातमी होती. सांडपाणी शुद्ध करून तेच पुन्हा पिण्यासाठी द्यावं, असा कुणीतरी विचार मांडला आहे. खाली दोन पुढाऱ्यांची मतं. एक म्हणतो, हा जनतेच्या भावनांशी खेळ आहे. दुसरा म्हणतो, मांडणाऱ्यांनी आधी स्वतः पिऊन दाखवावं. मी चष्मा काढून ठेवला. ही दोन्ही वाक्यं मी विशीत ऐकली होती, त्यातलं एक तर माझ्याच वडिलांच्या तोंडून. इतक्या वर्षांत एकालाही तिसरं वाक्य सुचू नये? रागानं मला चहा गोड लागेना.

आमचं मूळ गाव अकोला आणि बडनेरा यांच्या मधलं, रेल्वेच्या रुळाला टेकून वसलेलं. नाव लिहीत नाही. त्या वेळच्या मंडळींची नातवंडं तिथं आहेत आणि त्यांच्याशी माझं बरं आहे. जिनिंग फॅक्टरी, कापसाचा बाजार, एक मुलींची शाळा, आणि सगळ्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी घेऊन नदीकडे जाणारा एक नाला. साठीच्या दशकाचा मध्य होता. लागोपाठ पावसानं दगा दिलेला. जमिनीखाली पाणी नव्हतं असं नाही, तीच तर थट्टा होती. आमचा सगळा खारपाणपट्टा. घरोघरी आड होते, पण त्या पाण्यात डाळ घातली की दिवसभर चुलीवर ठेवा, दाणा बोटाखाली फुटायचा नाही. चहा नासायचा. केस धुतले की त्यांच्या सुतळ्या व्हायच्या. गोड पाणी एकाच ठिकाणी मिळायचं, नदीच्या पात्रातल्या नगरपालिकेच्या विहिरीत. त्या वर्षी होळीच्या आतच त्या विहिरीत उतरलेल्या माणसाचे घोटेसुद्धा भिजेनात.

माझे वडील वकील. गावात त्यांना नुसतं 'वकीलसाहेब' म्हणत, जणू दुसरा वकील नव्हताच. नगरपालिकेत ते विरोधी बाकावर बसत. अध्यक्ष होते भाऊसाहेब, कापसाचे मोठे अडते, आवाज खर्जातला, मन मोकळं आणि राग नाकावर. या दोघांचं पूर्वी एकमेकांकडे जाणं-येणं होतं. भाऊसाहेबांची कुसुम आणि मी एकाच बाकावर बसून शिकलो. मग कुठल्याशा निवडणुकीत काहीतरी झालं, आणि ते काय झालं हे दोघांनाही पुढे नीट सांगता येईना, पण बोलणं बंद झालं ते झालंच. बायकांचं बंद झालं नाही. आई आणि कुसुमची आई, जिला मी माई म्हणायची, देवळाच्या मागच्या ओट्यावर भेटत आणि नवऱ्यांच्या सभेतल्या पराक्रमांची देवाणघेवाण करत.

सांडपाण्याची कल्पना मुळात बाबांची. हे मी पुनःपुन्हा सांगते, कारण पुढे ते कुणालाच आठवायचं नव्हतं, बाबांनाही नाही. हिवाळ्यात त्यांनीच नगरपालिकेला अर्ज दिला होता की एखादा तज्ज्ञ बोलवा आणि नाल्याचं पाणी वापरता येतं का ते पाहा. नागपूरहून बोधनकर नावाचे एक तरुण इंजिनियर आले. उंच, किडकिडीत, सतत घाम पुसणारे. त्यांनी नाला नदीला मिळतो तिथं एक हौद खणून घेतला. पाणी त्यात निवळायचं. मग ते वाळू आणि गिट्टीच्या जाड थरांतून हळूहळू झिरपत खाली जायचं, आणि थोड्या अंतरावर, पात्रातच, एका छोट्या विहिरीत उतरायचं. नमुन्यादाखल एवढंच बांधलं. तपासणी झाली, पाणी उत्तम निघालं. आता नगरपालिकेनं ठराव करून मोठी योजना हाती घ्यावी, म्हणजे पुढचा उन्हाळा तरी सुखाचा जाईल, असं बोधनकर म्हणाले. आणि भाऊसाहेबांनी ती योजना स्वतःच्या नावानं सभेत मांडली.

झालं. बाबा विरोधात उभे राहिले.

मी गॅलरीत बसले होते. बाबा बोलायला उठले की गावातली निम्मी दुकानं बंद होत, एवढं ते सुरेख बोलत. एक हात कोटाच्या खिशात, दुसरा हवेत. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, ज्या पाण्यात गावानं काय काय धुतलं याचा हिशोब देवालाही लागणार नाही, ते पाणी आपण उद्या देवाच्याच अभिषेकाला नेणार! भगीरथानं गंगा आणली. आपले अध्यक्ष गटारगंगा आणताहेत!" सभागृह हसून लोटपोट झालं. टाळ्या थांबेनात. योजना पडली. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं 'गटारगंगा, गटारगंगा' ओरडत टायर पळवत होती.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, पण अर्ज तुमचाच होता ना?"

"अर्ज पाहणीचा होता. अंमलबजावणीचा नव्हता."

"मग आता प्यायचं काय?"

"ते सत्ताधाऱ्यांनी सांगायचं," बाबा म्हणाले आणि डोक्यावरचा ओला रुमाल सारखा केला. आजही त्या वाक्याची आठवण झाली की माझ्या हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं जातं.

बोधनकर जायच्या दिवशी शाळेत आले. मी नुकतीच तिथं शास्त्र शिकवायला लागले होते. त्यांनी माझ्यापुढे ब्लिचिंग पावडरचा एक डबा ठेवला आणि शास्त्राच्या बाईंना म्हणून एक प्रयोग दाखवला. मडक्याला खाली भोकं पाडायची, त्यात वाळू आणि पावडर मिसळून भरायची, आणि ते दोरीनं विहिरीत लोंबतं सोडायचं. म्हणाले, "विहिरीचं काय करायचं हे ठरावात काहीच नाही. त्यामुळे ती आहे तशी राहील. तुम्ही पाहा काय ते." एवढं बोलून गृहस्थ नागपूरच्या पॅसेंजरला निघून गेला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता, शिकवून शिकवून वर्ग नापास झाल्यावर मास्तरच्या चेहऱ्यावर असतो तसा.

नाल्याकाठी माळ्यांचे मळे होते. पार्वताबाई तिथून रोज आमच्याकडे भाजी आणायची. वांगी, पालक, मेथी, सगळं नाल्याच्या पाण्यावरचं, आणि सगळं गाव ते मिटक्या मारत खायचं. तिचा मळा त्या हौदाला लागूनच. एक दिवस तिनं टोपली उतरवली आणि आईला म्हणाली, "बाईसाहेब, त्या नव्या हिरीचं पानी पेऊन पाह्यलं मी. लय गोड हाय."

"अगं, नाल्याचं ना ते?"

"मंग? वांगे कायचे हायत?"

आई हसली. आई फार हसणारी बाई नव्हती. त्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव वाळ्याच्या पडद्याआड निजलेलं असताना, तिनं घागर उचलली आणि मला म्हणाली, "चल, तुझं ते मडकं घे."

त्या दुपारी मला अजून अंगावर आठवतात. रस्त्यावर कुत्रं नसायचं. फॅक्टरीच्या भिंतीला चिकटलेली कापसाची पुंजकी गरम वाऱ्यानं सुटून तोंडावर यायची. नदीच्या पात्रातली वाळू चपलेच्या कडेनं आत शिरायची आणि पाय पोळायचे. आणि मग ती विहीर, जेमतेम दोन माणसं वाकून पाहतील एवढी. आत काळसर, स्थिर, थंड पाणी. मी मडकं सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथंच ओंजळीनं प्यायलो. किंचित औषधाचा वास होता, नंतर तोही गेला. घरी डाळ शिजली. आईनं पळीनं ती घोटून पाहिली आणि पातेल्याकडे बघत नुसती उभी राहिली. घरातलं कुणी परत यावं तशी.

आठवड्याभरात निम्म्या गावाच्या बायका दुपारच्या त्या वाटेवर होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पार्वताबाई आणि तिच्या सुना वाळूच्या थरावर आलेली साय फावड्यानं काढत, मी मडक्यातली पावडर बदलत असे. तिथं कुणी कुणाची जात विचारली नाही असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. विचारली. विहिरीच्या दोन बाजू झाल्या, दोर दोन झाले, आणि कोण आधी यावरून कुरबुरी रोज झाल्या. फक्त पाणी एकच होतं, त्याला इलाज नव्हता. माईही यायची, अध्यक्षांची बायको, पदर नाकापर्यंत ओढून. कुसुम बार्शीटाकळीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला खाऱ्या पाण्यानं ओकाऱ्या व्हायच्या. "पोरीच्या पोटात हे पानी ठयरते व," माई आईला म्हणायची, आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन भराभरा निघून जायची.

इकडे संध्याकाळी बाबांच्या बैठकीत माणसं जमत. गटारगंगेवर चर्चा. धर्म, आरोग्य, लोकशाही, सगळं निघायचं. बोलून बोलून घसा कोरडा पडायचा, आणि आतून आई पाण्याचे पेले पाठवायची. बाबा एका दमात पेला रिकामा करत. एकदा म्हणाले, "पाणी बाकी हल्ली गोड लागतं हो आपल्याकडे." आई म्हणाली, "माठ नवा आहे." मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. तिकडे भाऊसाहेबांच्या ओसरीवर हेच पाणी पीत बाबांचा उद्धार चाललेला असायचा, हे माईनं नंतर सांगितलं. गावातले झाडून सगळे शुद्धतेचे कैवारी गटारगंगा पिऊन गटारगंगेवर तुटून पडत होते. मला त्या वेळी हसू यायचं. आता येत नाही.

वैशाखात नगरपालिकेची जुनी विहीर पुरती कोरडी पडली. टँकर मागवले, ते कधी आले, कधी नाही. लोक चिडले. बाबांच्या बाजूचे सभासद घाबरले, आणि बाबांनी काय करावं? तीच योजना, नाव बदलून, 'जलपुनर्भरण' की असंच काहीतरी भारदस्त लिहून, आपल्या नावानं मांडली. मला इतका आनंद झाला की मी शाळेतून रजा घेऊन सभेला गेले. मला वाटलं होतं, भाऊसाहेबांचीच मूळ योजना ती, ते कशाला नाही म्हणतील?

भाऊसाहेब उठले. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "वकीलसायब, तुमी मले चैतात काय म्हनलं होतं, मी इसरलो नाई. देवाच्या अभिषेकाले गटाराचं पानी. तुमच्याच तोंडचं हाय. आता देव बदलला का गटार बदललं?"

सभा पुन्हा हसली. त्याच ठिकाणी, त्याच माणसांनी, तेवढ्याच जोरात. बाबा पुन्हा उभे राहिले, हा मुद्दा वेगळा आहे म्हणू लागले. भाऊसाहेब म्हणाले, "आधी तुमी पेऊन दाखवा, मंग बोला." बाबा म्हणाले, मांडणाऱ्यानं प्यावं असा नियम असेल तर चैत्रात अध्यक्षांनी का नाही प्यायलं? कोण कुणाला काय पाजतंय यावर दुपार गेली आणि योजना पुन्हा पडली. मला गॅलरीतून ओरडावंसं वाटत होतं की अहो, तुम्ही दोघंही सकाळपासून तेच पिताय! माझ्या शेजारी आई होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिला भीती होती, कळलं तर विहीर जाईल.

ती तरीही गेली. कुणीतरी कुजबुजलं की बायका तिथलं पाणी भरतात. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं तोंडी ठराव टाकला की लोकांच्या जिवाला धोका नको, नमुन्याची विहीर बुजवून टाकावी. आता याला विरोध करावा तर बाबाच गटाराचे पक्षपाती ठरणार. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. तो टेबलावर होता. मग तो हळूहळू वर गेला. सगळ्यांचेच गेले. त्या नगरपालिकेत एकमतानं मंजूर झालेला, माझ्या आठवणीतला तो पहिला ठराव.

संध्याकाळी बाबा घरी आले, कोट खुंटीला लावला आणि पाणी मागितलं. आईनं पेला दिला.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "उद्यापासून खारं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बुजवायला सांगितलेल्या विहिरीचं आहे ते. रामनवमीनंतर तुम्ही दुसरं प्यायलाच नाहीत."

बाबांनी पेल्यात पाहिलं. मी वाट बघत होते, ते फेकतील, ओरडतील. ते म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर प्यायला असता?"

"नसतो."

"म्हणून नाही सांगितलं."

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. नंतर बराच वेळ ते येरझाऱ्या घालत होते. "मी बोलतो उद्या," असं दोनदा म्हणाले. पण बोलायचं म्हणजे भाऊसाहेबांकडे जायचं, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या ओसरीची पायरी चढायची. सकाळी बाबा आवरून, कोट घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. तोवर नगरपालिकेच्या बैलगाड्या मुरूम घेऊन नदीकडे चालल्या होत्या.

बायकांना पाणी तर लागणारच होतं. त्यांनी पात्रात जागा दिसेल तिथं झिरे खणले, वाळूत हातानं उकरलेले खड्डे. कुणाचा नाल्याच्या तोंडाशी, कुणाचा जनावरं बसतात तिथं. पाणी दिसायला तसंच स्वच्छ. मी पावडर घेऊन फिरले, पण आज एका झिऱ्यात टाकावी तर उद्या तो आटून दुसरीकडे दोन नवे निघायचे. डबा संपला. दुसरा मागायला मी नगरपालिकेत गेले तर कारकून म्हणाला, "कशासाठी पाहिजे ते लिहून द्या." गटारगंगेसाठी, असं लिहून देऊ का म्हणून विचारलं, तर त्याला राग आला. आणि मला?

मग गावात कावीळ सुरू झाली. आधी नदीकडच्या गल्लीत, मग सगळीकडे. शाळेला सुट्टी होती, तरी रस्त्यात भेटेल त्या पोरीचे डोळे मी थांबवून तपासायची. आणि एक दिवस माई धावत आमच्या दारी आली, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. "कुसुमले काई सुचून नाई राहिलं. डोळे पिवळे झाले. काई बोलते भलतंच."

बाळंतपणाला महिनाही उरला नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी हात लावायलाही नकार दिला, अमरावतीला न्या म्हणाले. फॅक्टरीची जीप मिळाली. मागे कुसुमचं डोकं मांडीवर घेऊन माई, शेजारी मी. पुढे भाऊसाहेब. जीप निघताना बाबा पुढे आले आणि भाऊसाहेबांच्या बाजूला चढून बसले. भाऊसाहेब सरकले. धुळीतून मला फक्त त्या दोघांच्या माना दिसत होत्या, दोन्ही घामानं भिजलेल्या, दोन्ही ताठ.

मूल गेलं. मुलगा होता. कुसुम मात्र राहिली. कितीतरी दिवस ती राहील असं कुणी म्हणत नव्हतं, आणि मग एका सकाळी तिनं डोळे उघडून मला ओळखलं. खाटेच्या पायथ्याशी बाकावर भाऊसाहेब आणि बाबा बसले होते. त्या बाकावर ते दोघं रोज बसत, एक डबा मध्ये ठेवून. कुसुमनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज वाळल्या पानासारखा झाला होता.

"हीर बुजवली न तुमी?"

भाऊसाहेबांनी मान हलवली.

"काहून बुजवली?"

मी आयुष्यात असंख्य सभा ऐकल्या, अनेक वक्ते ऐकले. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला गावातले ते दोन सगळ्यात चांगले बोलणारे समोर बसले होते. एकानं खिडकीकडे पाहिलं. दुसऱ्यानं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "तुमच्या दोघाईच्या भांडनात मी कोनाची होती, सांगा मले," कुसुम म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरची सभा फार थोडा वेळ चालली. बाबांनी ठराव लिहिला, भाऊसाहेबांनी मांडला. कुणी हसलं नाही. बोधनकर नागपूरहून परत आले, मुरूम उपसला गेला, वाळू धुऊन पुन्हा घातली. तो उन्हाळा संपेपर्यंत ती विहीर चालली, पुढच्या टंचाईतही चालली, आणि मग दूरच्या धरणाचा नळ आला तेव्हा लोक तिला विसरले. या सगळ्यातून कुणी काही शिकलं का? बाबा पुढेही चांगलं बोलत राहिले, पण बोलता बोलता मध्येच थांबायचे. लोकांना वाटायचं, वकीलसाहेबांचं वय झालं. भाऊसाहेब आमच्याकडे येऊन बसत. दोघं पावसाबद्दल, कापसाबद्दल बोलत. त्या उन्हाळ्याबद्दल एकदाही नाही. मला ते मौनही पुरेसं वाटत नसे. मी तेव्हा रागावलेली होते, आणि पेपर वाचून कळलं की अजून आहे.

विहीर पुन्हा उघडली तो दिवस सांगते आणि थांबते. पात्रात मांडव घातला होता, उन्हापुरता. सभासद, शाळेचे मास्तर, व्यापारी, सगळे टोप्या घालून उभे. टेबलावर चांदीचं तबक, त्यात पाण्यानं भरलेले दोन पेले. बोधनकरांनी तपासणीचा कागद वाचून दाखवला. आता कुणीतरी पहिला घोट घ्यायचा होता.

भाऊसाहेब म्हणाले, "वकीलसायब, कल्पना तुमची. आधी तुमी."

बाबा म्हणाले, "छे, छे. अध्यक्ष आपण. मान आपला."

"नाई, नाई, तुमी घ्या."

"आपल्याआधी मी कसं..."

एक सभासद म्हणाला, दोघांनी बरोबर घ्यावं. दुसरा म्हणाला, मग फोटो नीट येणार नाही. तिसऱ्यानं सुचवलं की आधी दोन शब्द व्हावेत. पेल्यातलं पाणी तापू लागलं. मला वाटलं, आता मी खरंच किंचाळणार.

तेवढ्यात माई वाळूतून चालत आली. कुसुमला आदल्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं होतं. माईच्या कमरेवर घागर, हातात दोर. इतक्या पुरुषांसमोर ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. पदर डोक्यावर होता, चेहरा उघडा. ती मांडवाच्या आत आली, टेबलापाशी थांबली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही, बाबांकडेही नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. "घरी पोरगी ताहानेली हाय."

आणि गावातले सगळे पुढारी, कुणीही एक शब्द न बोलता, बाजूला झाले.